बसवरचे ३५ कोटी पौंड

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील वादविवादात ‘ब्रेक्झिट’च्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा या मोहिमेच्या, प्रचारबसवरील ३५ कोटी पौंडांचा आकडा एकाने खरा म्हणून मांडला. तो खोटा होता का? — एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आकडा हवेतला नव्हता, म्हणूनच तो अधिक घातक होता. ब्रिटन युरोपीय संघाला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, असे त्या लाल बसवर लिहिले होते. प्रत्यक्षात ब्रिटनला संघाच्या वर्गणीत मिळणाऱ्या सवलतीची रक्कम आधीच वजा होऊन सुमारे २५ कोटीच जात आणि त्यातलेही काही शेतकऱ्यांच्या अनुदानातून परत येत. मार्केट यार्डात ५०० रुपयांचे बियाणे सवलतीने ३६० ला घ्यावे आणि घरी ५०० गेले म्हणून सांगावे, तसेच हे. ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने २३ जून २०१६ च्या मतदानापूर्वीच या दाव्याला दिशाभूल करणारा म्हटले, तरी बस फिरतच राहिली, याची मला आजही चीड येते.