हिवाळ्यात हॅमॉकमध्ये थंडी वाजू नये म्हणून कमी खर्चात काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की स्लीपिंग बॅग चांगली आहे, तरी पहाटे पाठ गारठते, अंडरक्विल्ट (हॅमॉकच्या, म्हणजे झाडांना टांगलेल्या झोळीच्या, खालून बांधायची रजई) परवडत नाही, आणि दीड हजारांत काही जमेल का. वाचलं आणि राहवलं नाही. हेच मी २०१६ च्या डिसेंबरमध्ये सांदण दरीजवळच्या साम्रद गावात भोगलंय.

सांदण दरी करायला आम्ही नऊ जण निघालो होतो. आईने तिच्या जुन्या लुगड्यांची गोधडी सॅकला बांधून दिली होती. ठाण्यात एका मित्राकडे सगळे जमलो, तिथे ग्रुपच्या लीडरने (आम्ही त्याला दादा म्हणायचो) माझी सॅक उचलून बघितली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ट्रेकला चाललायस की लग्नाला?" गोधडी मित्राच्या घरी राहिली. बॅग आहे ना, मग वर-खाली आणखी काय लागतं, असं त्याचं म्हणणं.

मुक्कामाची जागाही त्यानेच ठरवली. गावाच्या खालच्या अंगाला, भाताच्या खाचरालगत दोन आंब्यांमध्ये. पाणी जवळ म्हणून. माझं आणि आणखी एकाचं हॅमॉक, बाकीचे तंबूत. अकरापर्यंत छान होतं. दीडच्या सुमारास जाग आली तेव्हा खांद्यापासून कमरेपर्यंत ओला फडका लावून ठेवल्यासारखं वाटत होतं. पोट, छाती गरम आणि पाठ गार. जॅकेट चढवलं, दोन मोजे घातले, काही फरक नाही. दादाला उठवलं तर तो म्हणाला, "थंडी मनात असते रे. तुला सहन होत नाही, तसं सांग."

चारला जवळच्या घरात चूल पेटलेली दिसली म्हणून जाऊन ओट्यावर बसलो. घरातल्या आजींनी आत बोलावलं, चहा दिला. उजाडल्यावर त्या माझी झोळी बघायला आल्या. खालून कापडाला हात लावून म्हणाल्या, "खाली काहीच नाही घातलं? तान्हं लेकरू झोळीत घालतानासुद्धा आधी दुपटं घालतो की आपण."

दुसऱ्या रात्री त्यांनी एक विरलेलं लुगडं आणि भाताचा पेंढा दिला. हॅमॉकच्या खाली लुगड्याची दुसरी झोळी सैलसर बांधली आणि मधल्या जागेत वीतभर जाड पेंढा पसरला. तीच बॅग, तीच झाडं. सातला जागा झालो. दुसऱ्या हॅमॉकवाल्याने पेंढा घेतला नव्हता, तो मध्यरात्री उठून पडवीत झोपायला गेला. दादाचं यावर एकच वाक्य होतं, "आज थंडीच कमी होती."

तर कारण ऐका. ऊब बॅगेत नसते, बॅगेच्या भरावात अडकलेल्या हवेत असते. हॅमॉकमध्ये पाठीखालचा भराव तुमच्या वजनाने चेपून पापडासारखा होतो, हवा निघून जाते, आणि खालून वारा वाहतच असतो. जमिनीवर निदान तो वारा तरी नसतो. बॅगेवर छापलेलं तापमानही खाली मॅट आहे असं धरूनच मोजलेलं असतं. म्हणून सात-आठ हजारांची बॅग घेतली तरी पाठ गारच राहणार. जास्तीचे पैसे बॅगेत घालू नका.

पहिली खरेदी साधी फोमची कॅरीमॅट. ती वजनाने चेपत नाही. दोन पदरी हॅमॉक असेल तर ती दोन पदरांच्या मध्ये सरकवा, म्हणजे रात्री निसटत नाही. मॅट अरुंद असते आणि हॅमॉक दोन्ही बाजूंनी वर येतं, त्यामुळे खांदे उघडे पडतात. जुन्या मॅटचा तुकडा कापून खांद्यांखाली आडवा टाका. उन्हासाठी गाडीच्या काचेला लावतात तो चंदेरी पडदाही तिथे चालतो. आणि सरळ न झोपता थोडं तिरकं झोपा, पाठ सपाट राहते.

घरात गोधडी असेल तर ती बाहेरून, खालच्या बाजूने बांधा. आत अंथरली की तीही चेपणार. खाली लटकणाऱ्या गोधडीवर तुमचं वजन येत नाही, त्यामुळे साधी दोरीही पुरते, फक्त हॅमॉक आणि गोधडीमध्ये मोठी फट ठेवू नका, वारा शिरतो. वर ताडपत्री, वाऱ्याच्या बाजूला अगदी खालपर्यंत ओढलेली. एवढं दीड हजारांत बसतं.

जागा निवडणं तर फुकट आहे. गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून ओघळून खाचरात, ओढ्यात, तळ्याकाठी साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठल्याची बातमी बऱ्याच हिवाळ्यांत येते ती उगाच नाही. पाण्यापासून थोडं वर, वाऱ्याच्या आडोशाला बांधा. आमची साम्रदची जागा चुकीचीच होती, हेही मी दादाला सांगितलं होतं.

झोपण्यापूर्वी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ असं पोटभर खा. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, मोजात घालून मांड्यांमध्ये ठेवा. लघवीला जाऊन या, आळस करू नका. कानटोपी हवीच. दारूने ऊब येते असं जे सांगतात त्यांचं ऐकू नका. कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगातली उष्णता बाहेर जाते, वाटतं मात्र गरम.

आता काही गोष्टी राहिल्या. पेंढा लगेच पेटतो आणि नायलॉन ठिणगीने वितळतं, त्यामुळे शेकोटी लांब ठेवा, हॅमॉकखाली निखारे तर कधीच नकोत. पेंढा झटकून घ्या, विंचू असतो. ती गुरांची वैरण आहे, मागून घ्या आणि पैसे द्या. आजींनी घेतले नाहीत तेव्हा आम्ही किराणा आणून दिला. सुती गोधडी दवाने भिजते आणि मग उलट गार करते, तिच्या खाली प्लास्टिकचा कागद बांधा. हे सगळं सह्याद्रीपुरतं आहे, बर्फात मी हॅमॉक लावलेलं नाही.

एक विनंती. एक रात्र खाली मॅट किंवा गोधडी लावून आणि एक रात्र तसंच, पण बॅग तीच ठेवून झोपून बघा, आणि दोन्ही रात्रींचं तापमान लिहून ठेवा. साम्रदला आमच्याकडे थर्मामीटर नव्हता. दादा आजही नवीन मुलांना तेच सांगतो, त्या रात्री थंडीच कमी होती म्हणून. तुमचे आकडे मला कळवा, मी त्याला पाठवणार आहे.