बागेची विचारपूस: ऑक्टोबरची कात्री आणि लायलॅक

प्रश्न: ताई, इथे कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या घरामागे कुंपणालगत लांब वाफा आहे. पाच वर्षांपूर्वी त्यात तीन लायलॅक, म्हणजे सुवासिक फुलांचे तुरे येणारी झुडपं, लावले. पानं भरगच्च आहेत, झुडपं माझ्या डोक्यावर गेली, पण फूल आलं ते एकाच वर्षी, तेही एका फांदीला. मी मूळचा द्राक्षाच्या निफाडचा, त्यामुळे छाटणीत हयगय नाही. दर ऑक्टोबरात तिन्ही झुडपं चारी बाजूंनी कापून घेतो. हिरवळीला खत टाकतो तेव्हा त्यांनाही मिळतं. तरी हे असं का?

उत्तर: निफाडचं नाव घेतलं नसतं तरी ऑक्टोबर वाचून मी ओळखलं असतं! माझं माहेर पिंपळगावकडचं. द्राक्षाची ऑक्टोबरातली गोडी छाटणी म्हटली की आपले हात आपोआप कात्रीकडे जातात.

पण द्राक्षाच्या काडीत घड कुठे दडलेला असतो ते आठवा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी तयार होते, तिच्यावरच्या ठरावीक डोळ्यांत, म्हणजे अंकुरांत. म्हणून ऑक्टोबरात शेंडा उडवून आपण त्या डोळ्यापर्यंत येतो आणि तोच फुटतो. लायलॅकचं गणित उलटं आहे. त्याचा फुलाचा डोळा काडीच्या अगदी शेंड्याला असतो, बहुतेक वेळा जोडीनं. मेअखेर बहर सरला की नवी फूट वाढते आणि त्याच उन्हाळ्यात तिच्या टोकाशी पुढच्या मेची फुलं तयार होऊन बसतात. ऑक्टोबरात तुम्ही नेमके शेंडेच कापता, म्हणजे पुढचा सगळा बहर पालापाचोळ्याच्या पिशवीत. ज्या एका फांदीला फूल आलं, ती तुमच्या कात्रीतून सुटली असणार.

तेव्हा या ऑक्टोबरात कात्री शेडमध्येच राहू द्या. मार्चमध्ये, बर्फ उतरला की शेंड्यांकडे बघा. टपोरे, गोलसर डोळे फुलाचे, बारीक आणि टोकदार ते पानाचे. वर्षभराचा निकाल तिथेच कळतो. छाटायचंच असेल तर फुलं सुकल्यावर दोन-तीन आठवड्यांत उरका, जून संपू देऊ नका. सुकलेला तुरा त्याच्या खालच्या पानांच्या पहिल्या जोडीच्या वर कापायचा. तुमची झुडपं अजून तरुण आहेत, त्यांना याहून जास्त काही नको. पुढे खोडं मनगटाएवढी जाड झाली आणि फुलं फक्त गच्चीच्या उंचीवर यायला लागली, तर दरवर्षी सगळ्यांत जुन्या खोडांपैकी एक तृतीयांश जमिनीलगत काढा. तीन वर्षांत झुडूप नवं होतं आणि मधल्या काळात फुलंही मिळत राहतात.

खताबद्दल. लॉनला टाकायच्या खतात नत्र भरपूर असतं, आणि नत्र मिळालं की लायलॅक पानांच्याच मागे लागतं. झुडपांच्या आसपास ते खत टाकू नका. वसंतात दोन बोटं कंपोस्ट पसरलं तरी पुरे.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलीच नाही, ऊन. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवं. शेजाऱ्याचा मेपल या पाच वर्षांत पसरला असेल तर छाटणीचं वेळापत्रक कितीही सुधारलं तरी उपयोग नाही. मग पानं गळल्यावर किंवा वसंतात डोळे फुटण्याआधी झुडूप मातीच्या गोळ्यासकट हलवा. पाच वर्षांचं लायलॅक दोन माणसांना उचलता येतं.

प्रश्न: मिल्टनला टाउनहाउसमागे जेमतेम दोन मीटर रुंदीचा वाफा आहे. त्यात लायलॅक बसेल का? बसलं तर सोबत काय लावू?

उत्तर: नेहमीचं लायलॅक नाही बसणार. ते तीन-साडेतीन मीटर उंच होतं आणि जवळजवळ तेवढंच पसरतं. नर्सरीतल्या कुंडीत ते फार गरीब दिसतं, त्यावर जाऊ नका. तुमच्यासाठी ‘पॅलिबिन’ किंवा ‘मिस किम’. पॅलिबिन कमरेपासून छातीपर्यंत राहतं. मिस किम थोडं उंच होतं. त्याचं बी १९४७ साली कोरियाच्या डोंगरांतून गोळा करून अमेरिकेत आणलं होतं. त्याची पानं शरदात वाइनच्या रंगाची होतात, आणि हा गुण नेहमीच्या लायलॅकमध्ये नाही. म्हणून मी मिस किमच घेईन.

घेण्याआधी एक करा. मेच्या उत्तरार्धात बर्लिंग्टनच्या रॉयल बोटॅनिकल गार्डन्समधल्या लायलॅकच्या उतारावर एक सकाळ घालवा आणि नाकानं निवड करा. कॅटलॉगात सगळीच सुगंधी असतात. तिथे फ्रान्सच्या नॅन्सी गावच्या लेमॉइन घराण्याची दुहेरी पाकळ्यांची लायलॅकं पाहाल. व्हिक्टर लेमॉइनची नजर अधू झाली होती, त्यामुळे शिडीवर चढून परागीकरणाचं नाजूक काम त्याची बायको करायची. श्रेय कुणाच्या नावावर गेलं ते सांगायला नको. आपल्या ऑटव्यातल्या इझाबेला प्रेस्टन यांनी १९२०च्या दशकात तयार केलेली जातही पाहा. ती नेहमीच्यापेक्षा सुमारे दोन आठवडे उशिरा फुलते, म्हणजे जागा असणाऱ्याला दोन्ही लावून बहर लांबवता येतो. तुम्हाला जागा नाही, तेव्हा नुसतं बघून या.

सोबतीचं म्हणाल तर लायलॅक दोन-तीन आठवडे राज्य करतं आणि उरलेला उन्हाळा साधं हिरवं झुडूप होऊन उभं राहतं. म्हणून ते मागे, आणि पुढे पाळीनं फुलणारी मंडळी. एप्रिल-मेला डॅफोडिल, मग पिओनी, जुलैत डे लिली. पायाशी हार्डी जेरेनियम पसरू द्या. झुडपाच्या बुंध्याला लागून काहीच नको, तिथे हवा खेळायला हवी. का, ते पुढच्या प्रश्नात.

प्रश्न: ऑगस्टमध्ये लायलॅकच्या पानांवर पिठासारखा पांढरा थर आला. झाड मरेल का? नाशिकचे सासरे म्हणतात, ही भुरी आहे, गंधक मारा. — ओकव्हिल

उत्तर: सासरे बरोबर ओळखतात, भुरीच आहे. पण द्राक्षावर ती घडाचं वाटोळं करते म्हणून गंधक लागतं. लायलॅकवर ती उन्हाळा सरताना येते, तोवर फुलांचं काम झालेलं असतं. दिसायला वाईट, बाकी झाडाला फारसा धोका नाही. फवारणीचे पैसे वाचवा. हवा कोंडली की भुरी फोफावते, म्हणून आतल्या दाटीतल्या एक-दोन काड्या जूनमध्ये काढा, पाणी पानांवर न देता मुळाशी द्या, आणि गळलेली रोगट पानं झाडाखाली राहू देऊ नका.

प्रश्न: बुंध्यापासून फुटवे येतात. त्यातला एक मैत्रिणीला देऊ का? आणि ती म्हणते, लायलॅकला चुना घालावा लागतो. खरं का?

उत्तर: फुटवा मुळासकट वसंताच्या सुरुवातीला काढून खुशाल द्या, पण आधी झाड कलमी आहे का ते पाहा. कलमी असेल तर फुटवा खालच्या खुंटाचा असतो, आणि मैत्रिणीकडे भलतंच काहीतरी फुलेल. तसे फुटवे तर तुमच्याकडेही ठेवू नका, ते वरच्या कलमाला मागे टाकतात.

चुना आधी नको, आधी मातीची तपासणी. लायलॅकला मातीचा सामू (पीएच) साडेसहा-सातच्या आसपास किंवा जरा वर लागतो, आणि आपल्या या भागातल्या बऱ्याच बागांची माती तशीच असते. खरी अडचण असते चिकणमातीत साचणाऱ्या पाण्याची. तिथे वीतभर उंचवटा करून त्यावर लावा.

प्रश्न: मुलगी ओंटारिओत आहे. तिच्याकडून एक काडी आणून पुण्यात, बाणेरला लावली तर? — पुणे

उत्तर: नका आणू. एक तर आयात परवाना आणि रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय झाडाची काडी भारतात आणता येत नाही. दुसरं, लायलॅकला हिवाळ्यात कित्येक आठवडे कडक थंडीची झोप लागते. पुण्याची पहाट थंड असली तरी दुपार उबदार, त्यात ते धड झोपणार नाही आणि फुलणारही नाही. नर्सरीवाला ‘पर्शियन लायलॅक’ म्हणून जे देईल तो बकाण निंब असेल. वासासाठीच हवं असेल तर जाई, जुई, मोगरा आणि पारिजातक हे सगळे लायलॅकच्याच कुळातले आहेत. पाऊस सुरू झाला की यातलं काहीही लावा.

प्रश्न: फुलदाणीत लायलॅक संध्याकाळपर्यंत मान टाकतं. उपाय? — ब्रॅम्प्टन

उत्तर: सकाळी लवकर कापा. तुऱ्यातली निम्मी-अधिक फुलं उमललेली असू द्या, कापल्यावर मुक्या कळ्या सहसा उमलत नाहीत. पानं जवळजवळ सगळी काढा, काडीचं टोक दोन-तीन सेंटिमीटर उभं चिरा आणि खोल बादलीत गार पाण्यात, अंधाऱ्या जागी दोन तास ठेवा. मगच फुलदाणीत. तरी तीन-चार दिवसांपलीकडे अपेक्षा ठेवू नका.