वाचक विचारतात : पीईजीच्या (पॉलिइथिलीन ग्लायकोल या लांब साखळीच्या रेणूच्या) टोकाला कार्बॉक्सिल बसत नाही

प्रश्न : १० ग्रॅम मिथॉक्सी-पीईजी (रेणुभार ५०००) आणि ०.३ ग्रॅम सक्सिनिक अनहायड्राइड डायक्लोरोमिथेनमध्ये २४ तास ढवळले. एनएमआरमध्ये (चुंबकीय अनुनाद वर्णपटात) जेमतेम निम्मी टोकं बदललेली दिसतात. वेळ वाढवूनही फरक नाही. काय चुकतंय?

उत्तर : वेळ नव्हे, पाणी. १० ग्रॅम पीईजीत टोकाचे हायड्रॉक्सिल (OH गट, यांच्याशीच अनहायड्राइड जुळतो) भरतात फक्त २ मिलिमोल. बाटलीतल्या पीईजीत १ टक्का जरी ओल असली, तरी ते ५.६ मिलिमोल पाणी झालं. तुमचा अनहायड्राइड ३ मिलिमोल, म्हणजे पाण्यालाच पुरायचा नाही. लांब साखळीच्या टोकावर काम करताना हिशेब नेहमी मोलमध्ये मांडावा, ग्रॅम फसवतात.

पीईजी १०० मिलि टोल्युइनमध्ये विरघळवून त्यातलं ६०-७० मिलि ऊर्ध्वपातनाने काढा, ओल त्याबरोबर जाते. उरलेलं टोल्युइन निर्वातात काढून ५० मिलि कोरडं डायक्लोरोमिथेन घाला. मग सक्सिनिक अनहायड्राइड १ ग्रॅम (५ पट), डीएमएपी (उत्प्रेरक) ०.२४ ग्रॅम, ट्रायइथिलअमाइन ०.२८ मिलि. नायट्रोजनखाली, खोलीच्या तापमानाला २४ तास. अनहायड्राइडची बाटली जुनी असेल तर क्लोरोफॉर्ममध्ये गरम करून पाहा : न विरघळणारा भाग म्हणजे ओलीमुळे झालेलं सक्सिनिक आम्ल. तो गरम असतानाच गाळा आणि द्रावण थंड करून स्फटिक घ्या.

धुताना साध्या पाण्याने धुऊ नका, पीईजी पाण्यातही जातं. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात मीठ विरघळेल तेवढं घालून त्याने धुवा. विभाजक नरसाळं हलकेच फिरवा. जोरात हलवलंत तर तासभर इमल्शन बघत बसाल. सोडियम सल्फेटवर सुकवा, २० मिलिपर्यंत आटवा, बर्फात थंड केलेल्या २०० मिलि ईथरमध्ये थेंबथेंब ओता. हे दोनदा करा. जवळपास ज्योत नको. साका (ईथरमध्ये खाली बसलेलं पीईजी) निर्वातात खोलीच्या तापमानालाच सुकवा, कारण पीईजी ६० अंशांच्या आसपास वितळतं.

प्रश्न : एनएमआरमध्ये जोडलेल्या सक्सिनिक गटाचं २.६४ पीपीएमचं शिखर अपेक्षेपेक्षा मोठं येतं. रूपांतर १०० टक्क्यांच्या वर कसं?

उत्तर : तिथे मोकळं सक्सिनिक आम्लही मिसळतं. ४.२५ वरचं शिखर (नव्या एस्टरलगतच्या CH2 चं) मोजा : मिथॉक्सी (३.३८) ३ धरलं तर ते २ यायला हवं. मात्र मिथॉक्सीही सरळ नसतं. ३.६४ च्या मुख्य शिखरात साधारण ४५० हायड्रोजन. त्याच्या कार्बन-१३ उपशिखरांत प्रत्येकी अडीच हायड्रोजनांइतकं क्षेत्रफळ येतं. ४०० मेगाहर्ट्झवर त्यातलं एक ३.४६ ला, मिथॉक्सीला अगदी खेटून. सीमा आखताना ते वगळा आणि दोन स्पंदांमधली विश्रांती १० सेकंद ठेवा. एवढं करूनही आकडा २ च्या वर गेला, तर मूळ मालात दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल असलेलं पीईजी आहे असं समजा. डीएमएसओ या द्रावकात एनएमआर घेऊन ४.५६ चं हायड्रॉक्सिलचं त्रिक गायब झालेलं दिसलं, तर ती सर्वांत स्वच्छ खूण. जीपीसीवर (रेणूंना आकारानुसार वेगळं करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीवर) मात्र वेळ घालवू नका. ५००० वर १०० ची भर तिथे दिसत नाही.