पोळी बंद केली की वजन उतरेल ना मॅडम?

डाएटिशियन म्हणून हा प्रश्न इतक्यांदा येतो की पेशंट खुर्चीत टेकायच्या आधीच मला कळतं आता. आधी पोळी सोडतात, मग भात, मग फळं. नाशकात राहून द्राक्षाला हात न लावणारी माणसं बघितलीयेत मी!

सिडकोतल्या एक ताई (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय) मुलाच्या लग्नाआधी व्हॉट्सअॅपवरचा किटो (कार्ब्ज जवळजवळ बंद, तूप-तेलासारखे फॅट्स भरपूर) चार्ट बघून पोळी-भात सोडून बसल्या. आठवड्यात तीन किलो गेले, घरात कौतुक झालं, मग काटा अडकला आणि लग्नानंतर सगळं व्याजासकट परत. "माझ्यातच कंट्रोल नाही हो."

मी सांगितलं, ते तीन किलो म्हणजे बरंचसं पाणीच. शरीर कार्ब्ज लिव्हरमध्ये आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठवतं, दर ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी असतं, साठा संपला की पाणीही जातं आणि पोळी चालू केली की परत येतं. आणि किटो मुळात 1920 च्या दशकात फिट येणाऱ्या पेशंटसाठी निघालं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ताईंनी मान हलवली, पण पटलं नव्हतं, अशी मान मी लगेच ओळखते.

पुढच्या वेळी चार्ट-बिर्ट बाजूला ठेवला. विचारलं, घरात पोळ्या कोण करतं?

"मीच. बारा."

संपतात सगळ्या?

जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "दोन-तीन उरतात. रात्री ओटा आवरताना तूप-साखर लावून खाते गुंडाळून, उभ्या उभ्याच. पण ते काही जेवण नाही ना."

मी बोललेच नाही काही. त्यांनाच हसू फुटलं. "म्हणजे पोळी सोडलीच नव्हती मी, नुसती ताटातून काढली होती!"

हे मी दहा वेळा सांगितलं असतं तरी त्यांना लागलं नसतं. माझं तर मत झालंय की डाएटिशियनचं अर्धं काम गप्प बसण्याचं आहे, माणूस स्वतःचं खाणं स्वतः बोलला की कंट्रोल वगैरे भाषाच गळून पडते. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री वसूल करणारच, त्यात त्यांचा काय दोष?

मग दुपारी दोन पोळ्या, बसून. सोबत उसळ किंवा घट्ट वरण, आणि भाजी-कोशिंबीर-फळं मिळून अर्धं ताट, हैदराबादच्या एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्थेच्या) 2024 च्या सूचनांतही हेच आहे, त्यात धान्यातून 45 टक्क्यांपर्यंत कॅलरीज चालतात, धान्य बंद करा असं कुठेच नाही. संध्याकाळी मूठभर फुटाणे. रविवारची मिसळ चालू, पाव एकच. पेठ-सुरगाण्याकडची नागली (नाचणी) मिळते तर भाकरी जरूर खा, पण तेही धान्यच, औषध समजून चार भाकऱ्या नकोत. डायबेटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना न विचारता कार्ब्ज एकदम सोडू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

ताईंचं वजन हळू उतरतंय, महिन्याला किलोभर, त्यांना बोअर होतं, मला बरं वाटतं. परवा फोन आला, "मॅडम, पोळ्या आता नऊच करते, चालेल ना?"

म्हटलं, धावेल!