आर्किटेक्चरचे निर्णय कुठे आणि किती लिहायचे?

तुमचा प्रश्न असा की नवीन आलेला प्रत्येक जण "इथे काफ्का (सर्व्हिसमध्ये इव्हेंट पोचवणारी वेगळी सिस्टिम) का नाही वापरलं" विचारतो, ज्याने ठरवलं तो कधीच सोडून गेला, मग आता मोठं डिझाइन डॉक्युमेंट लिहायला घ्यावं का. नका घेऊ. चाळीस पानं कोणी वाचत नाही आणि दोन रिलीजनंतर ती खोटी पडतात.

त्यापेक्षा एडीआर, म्हणजे आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड (निर्णयाची नोंद), लिहा. मायकेल नायगार्डने २०११ मध्ये मांडलेली पद्धत आहे, एका निर्णयाला एक छोटी फाइल, पान-दोन पानांची. शीर्षक, स्टेटस, परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय, बास. फाइल कोडच्याच रेपोमध्ये ठेवा, विकीवर नको, म्हणजे ज्या पुल रिक्वेस्टमध्ये (कोडचा बदल तपासायला पाठवतात ती) बदल येतो त्यातच निर्णयाचा पण रिव्ह्यू होतो.

खरी मेख परिस्थितीच्या भागात आहे. लोक तिथे "पोस्टग्रेस डेटाबेस उत्तम आहे" लिहून मोकळे होतात, त्याचा काही उपयोग नाही. समजा जॉबची (मागे चालणाऱ्या कामांची) रांग पोस्टग्रेसमध्येच ठेवायचं ठरलं, तर असं लिहा: "दिवसाला काही हजारच जॉब आहेत, वेगळा क्लस्टर सांभाळायला माणूस नाही, पोस्टग्रेस आधीच चालू आहे आणि ९.५ व्हर्जनपासून त्यात स्किप लॉक्ड (दुसऱ्याने धरलेली ओळ सोडून पुढची घेणं) असल्यामुळे दोन वर्कर एकच जॉब उचलत नाहीत. काफ्का पाहिलं, पण एवढ्याशा कामाला त्याचा व्याप परवडत नाही." आणि परिणामांत वाईट पण लिहा बरं का, की जॉबचं टेबल सारखं लिहून-पुसून फुगणार, व्हॅक्यूमवर (पोस्टग्रेसच्या जुन्या ओळींच्या साफसफाईवर) लक्ष ठेवावं लागणार, आणि तेच इव्हेंट चार सर्व्हिसना पाहिजे झाले की हा निर्णय परत उघडायचा. हे वाचल्यावर नवीन पोरगा काफ्का का नाही विचारणार नाही, विचारलंच तर "आता चार सर्व्हिस झाल्यात की" असं विचारेल, आणि ते बरोबरच असेल.

निर्णय बदलला तर जुनी फाइल खोडू नका, नवीन नंबरची लिहा आणि जुनीच्या स्टेटसमध्ये "हिच्या जागी अमुक नंबर" एवढंच टाका. लायब्ररीचं व्हर्जन वाढवलं वगैरेसाठी एडीआर नको, उलटवायला महाग पडेल तेवढंच लिहा.

जुन्या निर्णयांचं म्हणाल तर सगळे उकरत बसू नका, जे लोक परत परत विचारतात तेवढेच लिहा, आणि तारीख आजची टाकून "मागाहून लिहिलंय, कारणं कोड आणि जुन्या मेलवरून काढलीत" असं वरच स्पष्ट लिहा.