कृपादान करतात, की कृपादान असते?

नाशिकच्या शरणपूर रोड भागातून एका वाचक भगिनीने विचारले आहे: मंडळीच्या (चर्चच्या) युवक शिबिराचा फलक लिहिताना एकाने 'आपापले कृपादान करा' (कृपादान म्हणजे पवित्र आत्म्याने विश्वासणाऱ्याला दिलेली सेवेची क्षमता) असे लिहिले, दुसऱ्याने 'आपले कृपादान शोधा आणि वापरा'. पाळकसाहेबांना दोन्ही खटकले. बरोबर काय? आणि 'वरदान' किंवा 'देणगी' म्हटले तर काय बिघडते?

'कृपादान करा' हे चूकच आहे. अन्नदान, रक्तदान, श्रमदान या समासांत पहिले पद म्हणजे द्यायची गोष्ट आणि दान म्हणजे देण्याची क्रिया. गोदाकाठच्या कानाला तर हे जास्तच सवयीचे. रामकुंडावर स्नान झाले की दान, आणि त्या दानाचे पुण्य देणाऱ्याला. तोच कान 'कृपादान' ऐकतो आणि कृपा वाटत सुटायची असा अर्थ लावतो. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द 'खारिस्मा', तो 'खारिस' म्हणजे कृपा यावरून आलेला. कृपेमुळे जे पदरात पडले ते खारिस्मा. म्हणून विग्रह 'कृपेने दिलेले दान' असा करावा. इथे दान ही क्रिया नाही, मिळालेली गोष्ट आहे. देणाऱ्या देवाला त्यातून पुण्य जोडायचे नसते आणि घेणाऱ्याची लायकीही पाहिलेली नसते. कृपादान असते, मिळते, लाभते. करता येत नाही.

'वरदान' मला इथे अजिबात नको. त्यामागे तप आहे, प्रसन्न झालेली देवता आहे, मागून घेतलेला वर आहे. प्रेषित पौल तर करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 करिंथ 12:11) सांगतो की पवित्र आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे प्रत्येकाला वाटून देतो.

'देणगी'ची अडचण वेगळी. चर्चमध्ये देणगी म्हटले की पावतीपुस्तक आठवते. शिवाय 'गळ्याची देणगी' म्हणताना आपण जन्मजात गुणाबद्दल बोलतो. नारायण वामन टिळक 1895 मध्ये बाप्तिस्मा घेण्याआधीही कवीच होते. (त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळचे जलालपूर, म्हणून इथे त्यांची आठवण अधिक जवळची.) टिळकांच्या काव्यशक्तीला मी देणगी म्हणेन. पुढे त्यांच्या भजनांनी मराठी मंडळ्यांच्या उपासनेला जो आवाज दिला, त्याला मात्र कृपादान म्हणावेसे वाटते, कारण 1 करिंथ 12:7 प्रमाणे ते सर्वांच्या हितासाठी असते.

आता 'शोधा'. हे व्याकरणात बसते, तरी पाळकसाहेबांचे खटकणे मला पटते. पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला कृपादानाची हयगय करू नको म्हणतो, ते पुन्हा चेतव म्हणतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले ते क्रियापद विस्तव फुलवण्याचे आहे. करिंथच्या मंडळीला तो आत्मिक दानांची उत्कंठा धरायला सांगतो. 'शोधा' म्हटले की तरुण मुले स्वतःतच डोकावत बसतात, प्रश्नावल्या भरतात, आणि अन्य भाषा (न शिकलेल्या भाषेत बोलणे) किंवा आरोग्यदान यांसारखे काही ठळक सापडले नाही की हिरमुसतात. याची मला खरोखर काळजी वाटते. रोम 12 मध्ये सेवा, शिकवणे, बोध करणे, औदार्याने देणे, दया करणे हीही कृपादानेच आहेत. 1 करिंथ 12:28 मध्ये तर साहाय्य आणि व्यवस्था यांचीही नावे आहेत. व्यवस्थेसाठीचा ग्रीक शब्द 'कुबेर्नेसिस', म्हणजे जहाजाचे सुकाणू धरणे. नाताळच्या प्रीतिभोजनाचा सगळा पसारा शांतपणे पेलणाऱ्या मावशींना आपल्यापाशी कृपादान आहे हे ठाऊकही नसते. मंडळीला ते आधी दिसते. सेवा करता करता, इतरांच्या सांगण्यातून ते कळत जाते. म्हणून 'ओळखा' बरे.

'वापरा' हे मालकाचे क्रियापद आहे. 1 पेत्र 4:10 मध्ये विश्वासणारा कारभारी आहे आणि त्याने मिळालेले दान एकमेकांच्या सेवेला लावायचे आहे.

कॅथलिक घरांत दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या संस्काराच्या) वेळी 'पवित्र आत्म्याची सात दाने' म्हणतात. ती यादी यशया 11 वर आधारलेली, वेगळी आहे. गलती 5 मधले 'आत्म्याचे फळ'ही वेगळे: ते एकवचनी, आणि प्रत्येकात यायला हवे असे.

फलकावर मी 'कृपादान ओळखा, सेवेला लावा' असे लिहीन. एका माणसाला एकाहून अधिक दाने असू शकतात, तेव्हा 'कृपादाने' हे अनेकवचनही चालेल.