ऊर्जानिर्मिती की ऊर्जावेचणी?

फोंड्याच्या एका मराठी शाळेतल्या विज्ञानशिक्षिकेनं विचारलंय: प्रदर्शनाच्या फलकावर ‘पायझोइलेक्ट्रिक नॅनोफायबर’साठी ‘दाबविद्युत सूक्ष्मतंतू’ आणि ‘एनर्जी हार्वेस्टिंग’साठी ‘ऊर्जानिर्मिती’ लिहिलं तर चालेल का?

बाई, ‘दाबविद्युत’ खुशाल लिहा. विज्ञानलेखनात तो रुळलाय, आणि मूळ ग्रीक धातूचा अर्थही दाबणे हाच. दाब दिला की वीज उमटते, हा तो गुण. क्यूरी बंधूंनी १८८० साली क्वार्ट्झसारख्या स्फटिकांवर दाब देऊन तो दाखवला. फक्त मुलांना एवढं सांगा, की नुसतं दाबून धरलं तर वीज येत राहत नाही. दाब बदलतो तेव्हा संकेत मिळतो. म्हणून तर मनगटावरची नाडी टिपायला हे तंतू चांगले.

‘सूक्ष्म’ मात्र काढा. तो मायक्रोसाठी वापरतात. नॅनो म्हणजे अब्जावा भाग, तेव्हा ‘अब्जांश तंतू’. ‘धागा’ही नको, धागा पीळ देऊन होतो, इथे सुटे तंतू एकमेकांवर पडून पातळ पट तयार होतो. पीव्हीडीएफ या प्लास्टिकचं द्रावण सुईतून सोडतात आणि सुईला हजारो व्होल्टचा विद्युतदाब देतात. टोकावरचा थेंब ताणला जाऊन त्याची धार निघते, द्रावक वाटेतच उडून जातो, आणि उरतो केसाच्या शंभरपट बारीक तंतू. या ताणामुळे रेणू एका दिशेने लागायला, म्हणजेच दाबविद्युत गुण यायला, मदत होते. या प्लास्टिकचा दाबविद्युत गुण कावाई या जपानी संशोधकांनी १९६९ मध्ये दाखवला होता. तंतू काढायच्या या क्रियेला (‘इलेक्ट्रोस्पिनिंग’ला) ‘विद्युत कताई’ म्हणावं. सूतकताई आपल्याला परकी नाही.

आता ‘ऊर्जानिर्मिती’. हा शब्द मला साफ अमान्य आहे. निर्मिती म्हटलं की धरण, जनित्र डोळ्यांपुढे येतं. इथे माणूस चालतो, कोपर वाकतं, त्या हालचालीतली थोडी ऊर्जा पट उचलतो. तीही बहुधा मायक्रोवॅटच्या घरात. ‘कापणी’ही बसत नाही, कारण पेरलेलं काहीच नाही. आपल्याकडे झाडाखाली गळून पडलेली काजूची बोंडं वेचतात, तसं हे काम. म्हणून ‘ऊर्जावेचणी’. शब्दकोशात नसला तरी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या मुलाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

जाता जाता: ‘वेअरेबल सेन्सर’साठी ‘परिधानीय संवेदक’ चूक नाही, पण फलकावर ‘अंगावर घालायचा संवेदक’ लिहा.